लूप हॅबिट ट्रॅकर: एक दिवस चुकला म्हणून शून्यावर न आणणारं अ‍ॅप

चाळीस दिवस नेमाने चालायला जायचं, एक्केचाळिसाव्या दिवशी ताप येतो, अ‍ॅप सलग दिवसांचा आकडा शून्यावर आणतं आणि संकल्प तिथेच बारगळतो. ‘लूप’ या सवयी नोंदवणाऱ्या अ‍ॅपमध्येही सलग दिवसांची नोंद दिसते, पण पाहायचा आकडा वेगळा: सवयीचा स्कोअर, म्हणजे सवय किती पक्की झाली याचा टक्का. रोजची सवय न चुकता पाळली तर तो 13 दिवसांत 50 टक्के, महिन्यात 80 आणि दोन महिन्यांत 96 च्या आसपास जातो. 80 वर असताना एक दिवस बुडाला तर 76 होतो आणि चार दिवसांत भरून निघतो. आठवडाभर दांडी मारली तर मात्र थेट 55. हिशेब कडक, पण न्यायाचा.

अँड्रॉइडवर फुकट, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही.

गडबड होते ती ध्येय लिहिताना. ‘5 किलो वजन कमी करणे’ असं लिहिलंत तर रोज रात्री बरोबरची खूण कशावर करणार? ‘रात्री जेवल्यावर 20 मिनिटं चालणे’ असं लिहा, प्रश्नाच्या रकान्यात ‘आज जेवल्यावर चाललात का?’ टाका आणि रिमाइंडर जेवणाच्या वेळेनंतर लावा. पहाटे साडेपाचचा गजर लावणाऱ्यांचं काय होतं ते सांगायला नको.

सवय हो-नाही प्रकारात नोंदवली तर अर्धवट काम दिसतच नाही. वाचन, सूर्यनमस्कार यांसाठी आकड्यांचा प्रकार निवडा. लक्ष्य 12 नमस्कारांचं आणि घातले 6, तर त्या दिवसाचं अर्धं श्रेय मिळतं. आठवड्यातून तीनदा जिमला जायचं असेल तर तसंच नोंदवा. तीन खुणा झाल्या की उरलेले दिवस फिकट खुणेने आपोआप भरतात. इथे ‘रोज’ निवडलंत तर स्कोअर उगाच रडत राहील.

उणिवा आहेतच. आयफोनवर मिळत नाही. ध्येयाला शेवटची तारीख देता येत नाही, त्यामुळे परीक्षेच्या तयारीला अपुरं. काही फोनमध्ये बॅटरी वाचवणारी सेटिंग रिमाइंडर दाबून टाकते. या अ‍ॅपपुरती ती बंद करा. सगळा डेटा फोनमध्येच राहतो, तेव्हा फोन बदलण्याआधी सेटिंग्जमधून पूर्ण बॅकअप काढून ती फाइल ड्राइव्हवर ठेवा. सीएसव्ही (एक्सेलसारख्या तक्त्यात उघडणारी फाइल) नको, ती फक्त पाहायला उपयोगी. अ‍ॅपमध्ये परत भरता येते ती पूर्ण बॅकअपचीच फाइल.