४०६० वाला गेमिंग लॅपटॉप: एक नवतपा काढल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला, आता पाऊस लागलाय, म्हणजे हिवाळा, उन्हाळा, नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस), लाइट जाणं सगळं या मशीनचं बघून झालं, म्हणून आता लिहायला बसलो. बॉक्स उघडल्यावर आठवड्याच्या आत जे रिव्ह्यू पडतात त्यात सगळेच लॅपटॉप भारी असतात, कारण तेव्हा पंख्यात धूळ नसते, बाहेर ऊन नसतं आणि एसएसडी रिकामी असते.

मी राहतो नागपूरला, काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं, आणि रात्री गेम. मशीन म्हणजे इंटेलचा तेराव्या पिढीचा आय७ एचएक्स प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, १५.६ इंची फुल एचडी १४४ हर्ट्झ स्क्रीन. किंमत कार्डाची ऑफर धरून लाखाच्या थोडी आत. कंपनी आणि मॉडेल विचारू नका, मुद्दाम लिहीत नाहीये, कारण एकाच नावाखाली चार-पाच कॉन्फिग विकतात, एकात स्क्रीन चांगली तर दुसऱ्यात भंगार, आणि नाव वाचून घेणारा बरोबर भंगारवाला उचलतो. काय बघायचं ते सांगतो, नाव तुम्ही शोधा.

पहिली गोष्ट वॅट, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला किती वीज मिळते. स्टिकरवर ४०६० लिहिलंय म्हणजे पूर्ण ४०६० मिळाला असं नसतं. एनव्हिडियाने लॅपटॉपवाल्या ४०६० ला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत मोकळीक दिलीये, वरून डायनॅमिक बूस्टचे (प्रोसेसरच्या वाट्यातून उसने मिळणारे) २५, म्हणून जाहिरातीत १४० दिसतं. आता एखाद्या पातळ, देखण्या मॉडेलमधला ६० वॅटवाला आणि जाडजूड डब्यातला ११५ वॅटवाला, दोघांचं नाव तेच, पैसे जवळपास तेच, कधीकधी तर पातळवालाच महाग, आणि गेम लावला की तोच मागे. पण उलटी बाजू पण सांगतो, १४० च्या मागे वेडं होऊ नका. ही चिप शंभरेक वॅटच्या पुढे फारसं खातच नाही, मी ओव्हरले (गेमवरच आकडे दाखवणारी पट्टी) लावून बघितलंय, गेममध्ये ९० ते १०५ मध्येच फिरते. म्हणजे ११५ आणि १४० यात जीव अडकवण्यासारखं काही नाही, ६५ आणि १०० यात आहे. लिस्टिंगमध्ये हा आकडा बारीक अक्षरात कुठेतरी तळाला असतो, नसला तर कंपनीच्या साइटवरच्या स्पेसिफिकेशनमध्ये सापडतो. दुकानात डेमो पीस असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडायचं, खाली कोपऱ्यात सिस्टिम इन्फॉर्मेशन, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानात मी हे उघडलं तर सेल्समन म्हणे, सर ये तो आजतक किसी ने नहीं देखा. बरं, मग आता बघ म्हटलं.

स्क्रीनबद्दल एकच नियम, '४५ टक्के एनटीएससी' दिसलं की टॅब बंद. एसआरजीबीच्या (फोटो-व्हिडिओत सर्रास वापरतात ती रंगांची मोजपट्टी) हिशोबात ते साठ-पासष्ट टक्के होतं, म्हणजे रंगच पोचत नाहीत. दुकानात मी माझ्याच शूटचा एक फोटो फोनवर उघडला आणि तोच लॅपटॉपवर उघडून बाजूला धरला, नवरीचा लाल शालू एका स्क्रीनवर सरळ विटकरी दिसत होता आणि हळदीच्या पिवळ्यात तर काही जीवच नव्हता. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्याला याने फरक पडत नाही म्हणतात, मला पटत नाही, पाच वर्षं तुम्ही त्याच स्क्रीनकडे बघणार आहात. माझ्यात १०० टक्के एसआरजीबी आहे, ब्राइटनेस मात्र तीनशे निट्सच, खिडकीसमोर बसलं की दुपारी पडदा ओढावाच लागतो.

रॅम १६ जीबी खरी पण एकाच स्टिकमध्ये होती, दुसरा स्लॉट मोकळा. कंपन्या असंच देतात आणि बॉक्सवर १६ लिहून मोकळ्या होतात. दोन स्टिक टाकल्या की बँडविड्थ दुप्पट होते, सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) एकदम काही उडी मारत नाही पण मधेच जे झटके बसायचे, कोपऱ्यावरून वळलं की क्षणभर अडकायचं, ते गेलं. एडिटिंगला तर ३२ पाहिजेच.

आता कामाचं, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून जरा खोलात. आजकाल बरेच शूटिंगवाले १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणारा प्रकार) मध्ये शूट करतात, आणि ४० सिरीजच्या ग्राफिक्स कार्डात ४:२:२ चं हार्डवेअर डिकोडिंगच नाहीये. मग ते काम कोण करतं, तर प्रोसेसरच्या आत बसलेलं इंटेलचं साधं ग्राफिक्स, ज्याला गेमर लोक हिशोबातच धरत नाहीत. फाइल एचईव्हीसी (व्हिडिओचा एक फॉरमॅट) ४:२:२ असेल तर त्या इंटेलवाल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक ते आरामात खेळवतं. पण गेमिंग लॅपटॉपमध्ये मक्स स्विच (स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सला जोडायची ते ठरवणारा) असतो, तो 'फक्त डिस्क्रीट' वर टाकला की स्क्रीन थेट एनव्हिडियाला जोडली जाते, गेमला काही एफपीएस जास्त मिळतात, आणि त्याच वेळी इंटेलवालं ग्राफिक्स बंद पडतं. मग सकाळी टाइमलाइन उघडली की कालपर्यंत लोण्यासारखी चालणारी क्लिप आज फ्रेम-फ्रेम अडकते आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो. म्हणून माझ्याकडे दिवसा हायब्रिड (दोन्ही ग्राफिक्स चालू), रात्री डिस्क्रीट, प्रत्येक वेळी रीस्टार्ट. ॲडव्हान्स्ड ऑप्टिमस असलेल्या मॉडेलमध्ये रीस्टार्ट न करता बदलतं, तुमच्या बजेटमध्ये मिळत असेल तर जरूर बघा. एक्सपोर्टला मात्र एनव्हिडिया खरंच पळवतं, एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचं एन्कोडिंग पण आहे, त्याबद्दल तक्रार शून्य.

गेमचं थोडक्यात. सायबरपंक २०७७ फुल एचडीला हाय सेटिंग, डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणं) क्वालिटीवर, सत्तर-ऐंशी एफपीएसमध्ये खेळतो. रे ट्रेसिंग (प्रकाश खऱ्यासारखा दाखवणं) थोडंफार चालतं, त्याहून जड पाथ ट्रेसिंग फक्त स्क्रीनशॉट काढायला. सीएस२, व्हॅलोरंट यांना तर १४४ हर्ट्झ कमी पडेल इतके फ्रेम येतात. खरी भिंत व्हीआरॅमची (ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची) आहे, नवीन गेममध्ये टेक्स्चर अल्ट्रावर टाकलं की ८ जीबी भरतात आणि मग एफपीएस कमी होत नाहीत, थेट हिसके बसतात. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की विषय संपला, डोळ्याला फरक पण कळत नाही. आणि ५१२ जीबी म्हणजे मस्करी आहे, एकटं रेड डेड रिडेम्प्शन २ शंभर जीबीच्या वर खातं. दुसरा एम.२ स्लॉट आहे का ते घेण्याआधी बघा.

आता उन्हाळा. आपल्या इकडे मे महिन्यात ४५ चा आकडा काही बातमी नसते, खोलीत कूलर लावून पण दुपारी ३४-३५ असतंच, आणि यूट्यूबवरचे टेस्टवाले एसीत बसून २४ डिग्रीला टेम्परेचर दाखवतात. साधा हिशोब आहे, खोली दहा डिग्रीने तापली की चिप पण जवळपास तितकीच वर जाते. जानेवारीच्या रात्री जीपीयू (ग्राफिक्स चिप) ७० च्या आसपास असायचा, नवतप्यात तोच गेम, तीच सेटिंग, ८३-८४, आणि ८७ च्या आसपास तो स्वतःच पॉवर खाली ओढायला लागतो. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, तर ९५ च्या वर आरामात. एचएक्सवाले प्रोसेसर तापटच, १०० पर्यंत जायला त्यांना इंटेलचीच परवानगी आहे, त्यामुळे जळणार नाही, पण कीबोर्डच्या वरची पट्टी हात टेकवता येणार नाही इतकी तापते. गेममध्ये चालायच्या डब्ल्यूएएसडी बटणांपाशी बरं असतं.

यावर जे चाललं ते सांगतो. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं, टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद पडतो, सीपीयू एकदम पंधरा-वीस डिग्री खाली आला. स्टोरीवाल्या गेममध्ये ६० एफपीएसची कॅप लावली तर काहीही फरक जाणवत नाही, सीएससारख्या गेममध्ये जाणवतो, तिथे परत १०० करायचं. दुसरं, मागची बाजू दोन इंच उचला, साधा घडीचा स्टँड पुरतो, खाली पंखे असलेले दिवे-बिवेवाले कूलिंग पॅड घ्यायची गरज नाही. आणि कूलरच्या तोंडासमोर लॅपटॉप ठेवू नका बाप्पा! थंड वाटतं, पण ती हवा ओली असते आणि तिच्याबरोबर कूलरच्या गवताचा भुसा येतो तो सरळ हीटसिंकमध्ये जाऊन बसतो. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसा आणि खिडकी उघडी ठेवा.

आवाज परफॉर्मन्स मोडला प्रचंड आहे. पलीकडच्या खोलीतून आई विचारते, तुझं विमान उतरलं का रे. हेडफोनशिवाय खेळायचं असेल तर बॅलन्स्ड मोड, दहा-पंधरा टक्के एफपीएस जातात पण घरात शांतता राहते.

विजेचं पण बघा, हे रिव्ह्यूमध्ये कधीच नसतं. याचं वरचं झाकण धातूचं आहे, चार्जिंगला लावून त्यावरून हलकं बोट फिरवलं की झिणझिण्या यायच्या. लॅपटॉपचा दोष नाही, अडॅप्टरच्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट निघतो तो अर्थिंगला जायला पाहिजे, आणि आमच्या जुन्या घरात त्या सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती, वरची भोकं नुसती शोभेला. वायरमन बोलावून तार ओढून घेतली, झिणझिण्या बंद. तीन पिनचा टू-पिन करणारा जो स्वस्तातला कन्व्हर्टर मिळतो तो तर अजिबात लावू नका. लाइट गेली की दुसरा प्रकार, लॅपटॉप बंद पडत नाही पण बॅटरीवर आला की जीपीयूची पॉवर धाडकन खाली येते आणि गेम रांगायला लागतो, आणि त्यात राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर मॅच गेलीच. २३० वॅटचा अडॅप्टर इन्व्हर्टरवर चालतो, पण स्क्वेअर वेव्हवाल्या जुन्या इन्व्हर्टरवर तो घूंऽऽ करत बसायचा, साइन वेव्हवर शांत आहे. बाबांचं म्हणणं, एकतर पंखे चालतील नाहीतर तुझा गेम. उन्हाळ्यात याला काही उत्तर नसतं.

बॅटरी ६० वॅट-अवर, हायब्रिड मोडमध्ये ब्राउझिंग-मेल असं चार तास, डिस्क्रीटमध्ये दोन पण नाही. दिवसभर प्लगलाच असतो म्हणून चार्ज लिमिट ८० टक्क्यांवर ठेवलीये, ही सोय बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये असते. यूएसबी-सी वरून चार्ज होतो का हे नक्की विचारा, कारण पुण्याला जाताना तो २३० वॅटचा धोंडा बॅगेत टाकायचा नसेल तर १०० वॅटच्या छोट्या चार्जरवर एडिटिंग होऊन जातं, फक्त गेम नाही.

सर्व्हिसचा अनुभव मधला. मार्चमध्ये डाव्या पंख्यातून खर्र खर्र यायला लागलं, घरी येऊन दुरुस्त करायची वॉरंटी होती म्हणून फोन केला, तर आधी विंडोज रीसेट करा म्हणाले! पंखा वाजतोय आणि विंडोज रीसेट. व्हिडिओ काढून पाठवला, परत फोन, मग कुठे पार्ट आला आणि पोरगा घरी आला, तो मात्र हुशार होता, पंखे बदलून थर्मल पेस्ट पण नवीन लावून गेला, त्याने चार-पाच डिग्री कमी झाले हा बोनस. तुमच्या गावात घरी येणारी सर्व्हिस खरंच आहे का, की पार्सल करून मोठ्या शहरात पाठवावा लागतो, हे पिनकोड देऊन आधी विचारा, तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

स्पीकर ठीक, वेबकॅम अंधारात कामाचा नाही, कीबोर्ड मस्त.

आता बरेच जण विचारतायत की ५०६० आलाय तर ४०६० घ्यावा का. ५०६० मध्ये पण व्हीआरॅम ८ जीबीच आहे, मेमरी वेगवान आहे, मल्टी फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मधे एआयने बनवलेल्या जादा फ्रेम) आहे, पण माझ्या मते गेमसाठी जीव टाकावा असं काही नाही. ४:२:२ चं काम करणाऱ्यांचं वेगळं, ५० सिरीजमध्ये ते डिकोडिंग कार्डातच आलंय, मक्सची भानगडच मिटते, त्यांनी थोडं थांबून तोच घ्यावा. ४०५० मध्ये ६ जीबी आहेत, तो आज नवीन घेऊच नका. फक्त गेम आणि हलकं एडिटिंग असेल आणि दोघांत पंधरा-वीस हजारांचा फरक असेल तर चांगल्या स्क्रीनचा, शंभरच्या वर वॅटवाला ४०६० उचला, उरलेल्या पैशात १ टीबी एसएसडी आणि रॅमची स्टिक बसवा, आणि मागचं झाकण उघडल्याने वॉरंटी जात नाही हे कंपनीकडून लेखी घ्या.