स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि दिवसभराच्या आहाराचा हिशेब

पाच किलोपर्यंत वजन करणारा आणि एका ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल वजनकाटा सध्या चारशे-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. केक-बिस्किटे करणाऱ्यांचे हे साधन आहे, असा समज आहे. परंतु घरचेच साधे अन्न खाऊन दिवसाचा आहार नीट आखू पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग अधिक होतो, असे माझे वापरानंतरचे मत आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात २००० किलोकॅलरींच्या दिवसासाठी तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, सुकामेवा व तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर असे प्रमाण सुचवले आहे. धान्य-डाळींची ही मापे कच्च्या शिध्याची असल्यामुळे ताटात वाढलेल्या अन्नावरून त्यांचा अंदाज येत नाही. काट्याचे काम सुरू होते ते इथे. अर्थात २००० हा आकडा सरसकट सर्वांचा नव्हे. याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत बैठे काम करणाऱ्या पुरुषाची गरज २११० आणि स्त्रीची १६६० किलोकॅलरी धरली आहे. त्यामुळे ज्याने त्याने आपले माप कमी-जास्त करावे आणि पथ्य असल्यास डॉक्टरांना विचारावे.

या प्रमाणात बसणारा मराठी घरातला दिवस आखणे मुळीच अवघड नाही. सकाळी ६० ग्रॅम पोहे, दुपारी १२० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकरी, रात्री ७० ग्रॅम तांदळाची खिचडी, एवढ्यात धान्याचे २५० ग्रॅम पुरे होतात. दुपारच्या उसळीला ४० ग्रॅम मटकी आणि खिचडीला ४५ ग्रॅम मुगाची डाळ घेतली की डाळींचे ८५ ग्रॅम होतात. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात मात्र ४५ ग्रॅम डाळ वाटीत पडलेली पाहिली की आपल्या नेहमीच्या पातळ वरणात माणशी किती कमी डाळ असते, हे ध्यानात येते. भाज्यांचे ४०० ग्रॅम तर आणखी परीक्षा पाहतात. मेथीची जुडी हाताला भरघोस लागते, पण देठे काढून, निवडून पाने काट्यावर ठेवली की वजन एकदम उतरते. कोशिंबीर, पालेभाजी आणि खिचडीत घातलेला दुधी-गाजर एवढे सगळे मिळून हा आकडा कसाबसा गाठला जातो. पोह्यांतल्या कांद्या-मटारांचीही त्याला मदत घ्यावी लागते.

माझ्या मते काट्याची किंमत वसूल होते ती तेलात. तेलाची किटली काट्यावर ठेवायची, शून्याचे बटण दाबायचे, फोडणीपुरते तेल कढईत ओतायचे आणि किटली पुन्हा जागेवर ठेवायची. वजा चिन्हासह जो आकडा दिसतो तेवढे तेल गेले. सत्तावीस ग्रॅम म्हणजे पोह्याच्या चमच्याने जेमतेम सहा चमचे, तेही भाकरीवरचे तूप धरून. महिन्याचा हिशेब करायचा तर चार माणसांना सुमारे सव्वातीन किलो तेल-तूप पुरायला हवे. एक लिटरच्या पिशवीत तेल ९१० ग्रॅम असते, म्हणजे साडेतीन पिशव्या झाल्या. वाण्याची यादी करताना हा आकडा समोर ठेवावा. दाण्याच्या कुटाचेही वजन करणे बरे, कारण शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मे तेल असते आणि आपल्या भाज्यांत कूट सढळ हाताने पडतो.

आता उणिवा. परात ठेवली की आकड्यांची पट्टी तिच्याखाली झाकली जाते, त्यामुळे पीठ आधी छोट्या वाडग्यात मोजून घ्यावे लागते. काही वेळ हालचाल झाली नाही की काटा आपोआप बंद होतो आणि शून्य केलेले वजन पुसले जाते. भाजी चिरता चिरता मोजणाऱ्याला हे फार जाचक ठरते. मीठ मोजायला हा काटा निरुपयोगी आहे, कारण चिमूट-चिमूट टाकलेल्या पदार्थाची तो दखलच घेत नाही. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायचे असेल तर लोणचे-पापडावरच नजर ठेवावी. मिलिलिटरची सोय पाण्याच्या हिशेबाने दिलेली असते, तेव्हा तेल ग्रॅममध्येच मोजावे. गरम भांडे त्यावर ठेवू नये, हे सांगायला नकोच.

घेताना सपाट, पुसता येणारा आणि आकडे पुढच्या कडेला असलेला काटा निवडावा. बटणाच्या आकाराच्या सेलपेक्षा पेन्सिल सेलवर चालणारा बरा, कारण ते सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. खरेपणा तपासायचा असेल तर दहा रुपयांची दहा नाणी एकदम ठेवून पाहावीत. ती साधारण ७७ ग्रॅम भरतात. पोळी-भाकरीचे आणि डाळीचे माप एकदा वाटीवर बसले की त्यांच्यासाठी रोज काटा काढण्याची गरज उरत नाही. तेलाच्या किटलीसाठी मात्र मी तो ओट्यावरच ठेवला आहे.