गूगल कीवर्ड प्लॅनर: कोल्हापुरातल्या मराठी ब्लॉगला किती कामाचा?

कीवर्ड म्हणजे लोक गूगलवर शोधताना टाइप करतात ते शब्द. ते शोधून देणारा कीवर्ड प्लॅनर गूगलने बनवलाय जाहिरातदारांसाठी. ब्लॉग लिहिणारे तो वापरतात, कारण तो फुकट आहे आणि लोक काय टाइप करतात ते थेट गूगलकडूनच कळतं. शब्द गोळा करायच्या कामात त्याला ५ पैकी ४ गुण. आकड्यांच्या भरवशाला मात्र २च, आणि मराठीत लिहीत असाल तर तेही जपून.

त्यासाठी गूगल ॲड्सचं खातं लागतं. बिलिंगची माहिती भरून जाहिरातीची एक मोहीम तयार करावी लागते. ती लगेच पॉज करून ठेवा, म्हणजे पैसे जाणार नाहीत. मग टूल्समध्ये प्लॅनर उघडतो. नवे कीवर्ड शोधायच्या चौकटीत एका वेळी १० शब्द टाकता येतात. ते सगळे एकाच विषयाचे हवेत. चप्पल, मिसळ आणि गूळ एकदम टाकले की यादीची खिचडी होते.

सेटिंगमध्ये दोन ठिकाणी घोळ होतो. 'लोकेशन' म्हणजे शोधणारा माणूस कुठे बसलाय ती जागा, लेखाच्या विषयाची नव्हे. कोल्हापुरी चपलेबद्दल विचारणारा पुण्यात किंवा मुंबईत असतो. लोकेशन फक्त कोल्हापूर ठेवलं की तो यादीतून गळतो. किमान महाराष्ट्र ठेवा. भाषा 'सर्व' ठेवा, कारण मराठी माणसांचे कितीतरी फोन इंग्रजीत असतात. तोच शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही टाकून बघा. बऱ्याचदा रोमनमधल्या शोधांचा आकडा मोठा दिसतो.

आता आकडे. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला दर महिन्याच्या शोधांचा नेमका आकडा मिळत नाही, पट्टा मिळतो: १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार. म्हणजे १२० शोध आणि ९०० शोध एकाच खणात. शिवाय जवळजवळ सारखे शब्द प्लॅनर एकत्र मोजतो. 'कॉम्पिटिशन'चा रकाना तर सगळ्यात जास्त फसवतो. तिथे 'लो' दिसलं की पहिल्या पानावर येणं सोपं, असं लोक धरून चालतात. तो रकाना सांगतो, त्या शब्दावर जाहिरात देणारे किती आहेत. तुमच्या लेखासमोर कोण उभं आहे हे बघायला तो शब्द गूगलवर टाकून पहिले दहा निकाल स्वतः वाचावे लागतात.

म्हणून १० ते १०० च्या पट्ट्यातल्या ओळी खोडू नका. 'खरी कोल्हापुरी चप्पल कशी ओळखायची' असं विचारणारा कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या बाजारात, दुकानासमोर उभा असू शकतो. त्याला इतिहास नको असतो. खिळे आहेत का, शिलाई चामड्याच्या वादीची आहे का, हे त्याला पहिल्या चार ओळींत हवं असतं.

अचानक आलेल्या उसळीवरही विसंबू नका. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये झालेल्या प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडच्या शोनंतर कोल्हापुरी चपलेची देशभर चर्चा झाली. तसे महिने वर्षाच्या सरासरीत मिसळतात. शेजारी गूगल ट्रेंड्स उघडून पाच वर्षांचा आलेख बघा. त्यातले ० ते १०० हे आकडे तुलनेचे आहेत, शोधांची संख्या नव्हे.

लिहिताना खरी अडचण आपल्या विभक्तीची. प्लॅनर देतो 'कोल्हापुरी चप्पल किंमत'. मराठीत असं कुणी लिहीत नाही. आपण 'चपलेची किंमत' म्हणतो. तो तुकडा जसाच्या तसा दहा वेळा घुसडला की लेख बोबडा वाटतो, आणि गूगलच्या नियमांत असं शब्द कोंबणं स्पॅममध्ये मोडतं. उपाय सोपा आहे: शीर्षकात मूळ रूप एकदाच, अपूर्णविराम (:) देऊन, उदाहरणार्थ 'कोल्हापुरी चप्पल: किंमत कशावर ठरते'. आत चपलेला, चपलांची, जसं येईल तसं येऊ द्या. 'दोन टक्के घनता', म्हणजे दर शंभर शब्दांत कीवर्ड दोनदा, वगैरे हिशेबाला आधार नाही. मेटा कीवर्डच्या रकान्यात (पानाच्या कोडमध्ये कीवर्ड नोंदवायची जागा) शब्द भरणंही सोडा. क्रमवारीसाठी तो वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

लेखाच्या दुव्यात (लिंकमध्ये) देवनागरी चालते, पण कॉपी केल्यावर अनेकदा तिच्या प्रत्येक चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं होतात. 'कोल्हापूर' एवढ्या शब्दाची ८१. व्हॉट्सॲपवर असा दुवा बघून लोक बिचकतात. दुवा रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा ठेवा.

लेख टाकल्यावर प्लॅनरचं काम संपतं. तिथून पुढे सर्च कन्सोल, म्हणजे तुमची पानं गूगलच्या शोधात कशी दिसतात ते सांगणारं गूगलचं साधन. परफॉर्मन्स अहवालात एक पान निवडा, क्वेरी (लोकांनी टाइप केलेले शोध) बघा आणि सरासरी स्थान ८ ते २० मध्ये असलेल्या ओळी वेगळ्या काढा. तिथे इम्प्रेशन आहेत (म्हणजे पान निकालांत दिसतंय) पण क्लिक नाहीत, आणि त्या प्रश्नाचं उत्तर लेखात नाही, असं दिसलं तर एक परिच्छेद वाढवा. मग काही आठवडे हात लावू नका; रोज शीर्षक बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही. क्वेरीवर क्लिक करून 'पेजेस' टॅबही बघा. एकाच क्वेरीवर तुमचेच दोन लेख आलटून पालटून दिसत असतील आणि दोन्ही मागे पडत असतील, तर चांगल्या लेखात दुसऱ्यातला मजकूर घ्या आणि जुन्या दुव्यावरून ३०१ रीडायरेक्ट द्या, म्हणजे तो दुवा उघडणारा आपोआप चांगल्या लेखावर पोचेल. नुसता डिलीट केलात तर त्या लेखाला बाहेरून मिळालेले दुवेही वाया जातात.