नील आणि शहीद द्वीप: अंदमानच्या पहिल्या सहलीत आमचे 1 लाख 32 हजार कसे गेले

अंदमानला जायचं ठरलं ते अण्णांसाठी. माझे वडील 31 वर्षं एसटीत कंडक्टर होते. सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची, ही त्यांची शाळेपासूनची इच्छा. गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली तेव्हा मी म्हटलं, आता नाही गेलो तर जाणं होणार नाही. आई, अण्णा, मी, मिस्टर आणि आमचा 10 वर्षांचा मुलगा, अशी पाच माणसं. समुद्र म्हणजे गणपतीपुळे आणि मालवण, त्यापलीकडचं आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. अशा नवख्या माणसांनाच फसवणारे एजंट गाठतात, म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते आहे.

विमानाची तिकिटं आम्ही स्वतः काढली होती. पुढचं सगळं, म्हणजे हॉटेलं, गाडी आणि बेटांमधल्या बोटी, एका एजंटकडे दिलं. त्याची जाहिरात मोबाईलवर दिसली, नंबरावर मेसेज टाकला आणि दहा मिनिटांत फोन आला. अस्सल कोल्हापुरी मराठी. "ताई, तुम्ही सांगलीचे म्हणजे आपलेच की! अण्णांना कोठडी दाखवायची जबाबदारी माझी." तो आपल्या बोलीत बोलला आणि अण्णांचं नाव घेतलं, तिथंच माझी निम्मी चौकशी संपली. इतर दोन ठिकाणी याच दिवसांचे दीड लाखाच्या वर सांगत होते. याने 1 लाख 29 हजार 500 सांगितले, वर 'आयलंड परमिट'चे माणशी 500 म्हणजे 2,500. एकूण 1 लाख 32 हजार.

हे परमिटही खोटंच होतं. पोर्ट ब्लेअरला आणि हॅवलॉक, नील या बेटांवर जायला भारतीयांना परमिट लागत नाही. मला ते माहीत नव्हतं.

पैसे तीन हप्त्यांत गेले: 40 हजार, पुन्हा 40 हजार, आणि निघायच्या नऊ दिवस आधी 52 हजार. तिन्ही वेळा यूपीआयने, तिन्ही वेळा एका बाईच्या नावाच्या खात्यावर. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत. फर्मच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे." शेवटच्या हप्त्याला घाई केली ती अशी: "26 जानेवारीची गर्दी आहे ताई, बोटीच्या सीट आज सोडल्या तर मिळणार नाहीत." पैसे गेल्यावर तासाभरात व्हाउचर आली, बोटीची तिकिटं आली. लेटरहेडवर जीएसटी नंबरसुद्धा होता. अण्णांनी दोनदा विचारलं, "पैशाची पावती कुठाय?" मी म्हटलं, "अण्णा, आता सगळं मोबाईलवरच असतं." ते गप्प बसले. पण तिकिटांची प्रिंट मात्र त्यांनी हट्टाने काढून घेतली, चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून.

पहिला दिवस चांगला गेला, आणि हे लक्षात ठेवा. विमानतळावर आमच्या नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभा. हॉटेल ठीकठाक. दुपारी कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर माडांखाली आई पाय पसरून बसली आणि म्हणाली, पोरी, तू आम्हाला केवढं लांब आणलंस! संध्याकाळी सेल्युलर जेलचा लाईट अँड साऊंड शो होता, पण त्याची तिकिटं ड्रायव्हरकडे नव्हती आणि खिडकीवर संपलेली. एजंट फोनवर म्हणाला, "परतीच्या दिवशीची काढून देतो." मी मानलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे हॅवलॉकच्या बोटीसाठी हॅडोच्या धक्क्यावर गेलो. सामान घेऊन रांगेत उभे होतो. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिकिटाचा कागद डोळ्याजवळ नेला आणि अंगठा नावांवरून फिरवला. खोटे पास पकडण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाची ती सवय. म्हणाले, "बाळे, बाकीची अक्षरं बारीक आहेत आणि आपली नावं तेवढी जाड. आणि ही तारीख बघ, ओळीच्या खाली घसरलीय." मी बघितलं. खरंच घसरली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. मोबाईलच्या पडद्यावर मला ती कधी दिसलीच नव्हती.

काउंटरवरच्या मुलाने नंबर टाकला आणि मान हलवली. "मॅडम, इस नंबर पे दूसरे लोग हैं. ये लोग पिछले महीने जा चुके." कुणाच्या तरी खऱ्या तिकिटावरची नावं आणि तारीख पुसून आमची बसवली होती. त्या दिवशीची बोट भरलेली होती. ती आमच्यासमोर सुटली आणि मुलगा विचारत राहिला, आई, आपण का नाही चढलो?

एजंटला फोन लावला. पहिल्यांदा म्हणाला, "बोट कंपनीचा सर्व्हर डाऊन असेल, पंधरा मिनिटं द्या." नंतर फोन बंद. मग मेसेजपुढची टिक एकच राहिली आणि त्याचा फोटो नाहीसा झाला. हॅवलॉकच्या हॉटेलला मी स्वतः फोन केला. तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला, बुकिंग तुमच्या नावानं होतं, पण मुदतीत पैसे आले नाहीत म्हणून खोल्या सोडून दिल्या. म्हणजे व्हाउचर आलं तेव्हा ते खरंच होतं. खोल्या नुसत्या धरून ठेवल्या होत्या, पैसे कधी भरलेच नाहीत. निघण्याआधी मी हॉटेलला फोन करून "बुकिंग आहे ना?" असं विचारलं असतं, तर उत्तर "हो" असंच आलं असतं. विचारायचं असतं ते हे: "पूर्ण पैसे तुमच्याकडे जमा झालेत का, आणि कुणाकडून?" माझे दीड महिने या एका प्रश्नावाचून गेले.

ड्रायव्हर आम्हाला त्याच्या मालकाकडे घेऊन गेला. हे गृहस्थ पोर्ट ब्लेअरचे, बंगाली, त्यांचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेले. अबर्डीन बाजारात घंटाघराजवळ त्यांचं छोटं ऑफिस. त्यांनी चहा मागवला आणि सगळी रीत समजावून सांगितली. इकडचा एजंट गिऱ्हाइकाकडून सगळे पैसे घेतो, तिकडच्या स्थानिक माणसाला फक्त पहिल्या दिवसाची गाडी आणि एका रात्रीचं हॉटेल भरतो. पहिला दिवस नीट गेला की माणूस निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी कळतं तेव्हा तो घरापासून हजार-दोन हजार किलोमीटरवर, म्हातारी माणसं आणि पोरं सोबत. तो भांडत बसत नाही, खिशातले पैसे घालून सहल पुरी करतो. आणि थोडी सेवा दिलेली असल्यामुळे पुढे पोलिसांपुढे हा देण्याघेण्याचा वाद दिसतो, फसवणूक दिसत नाही.

मग त्यांनी आमचा कार्यक्रमाचा कागद वाचला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे तुम्ही वाचलं होतं का?" चौथ्या दिवशी लिहिलं होतं 'नील आयलंड', पाचव्या दिवशी 'शहीद द्वीप'. दोन्ही एकच. डिसेंबर 2018 मध्ये हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. जुनी नावं लोकांच्या तोंडात तशीच आहेत, जसं 2024 पासून पोर्ट ब्लेअर सरकारी कागदावर श्रीविजयपुरम आहे तरी ड्रायव्हर पोर्ट ब्लेअरच म्हणतो. पण जो माणूस अंदमानच्या सहली विकतो तो एकाच बेटाला दोन दिवसांत दोनदा, दोन वेगळी बेटं म्हणून नेणार नाही. पुढे लिहिलं होतं, 'संध्याकाळी 6.30, राधानगर बीचवर सूर्यास्त'. अंदमान इतकं पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे जानेवारीत तिथं साडेपाचला सूर्य बुडालेला असतो. त्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. एवढ्या वेळा मी तो वाचला, पण फक्त फोटो बघितले.

त्या गृहस्थांनी फिनिक्स बे धक्क्यावरून सरकारी बोटीची दुसऱ्या दिवशीची तिकिटं मिळवायला ड्रायव्हरला सोबत दिला. सरकारी बोट सावकाश जाते, पण भाडं खाजगीपेक्षा पुष्कळ कमी. राहिलेल्या दिवसात आम्ही जेल बघितला.

मध्ये मनोरा आणि त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात पाकळ्या होत्या, आता तीनच उरल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावर टोकाला सावरकरांची कोठडी. अण्णा जिने चढताना प्रत्येक वळणावर थांबले, पण कुणाचा हात धरला नाही. कोठडीत जाऊन भिंतीला तळहात लावून उभे राहिले. 1911 ते 1921 इथं होते, म्हणाले, आणि थोरले भाऊ बाबारावही याच जेलात. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "पैशाचं मनाला लावून घेऊ नकोस. मी जे बघायला आलो ते बघितलं." मी तिथं रडले. फसवणुकीचा राग मला अजून आहे तो या वाक्यासाठी. ज्याच्यासाठी सगळं केलं, त्यालाच माझी समजूत काढावी लागली.

हॅवलॉकला एक रात्र राहिलो, नील सोडून दिलं. राधानगरची पांढरी वाळू आणि मागचं उंच झाडांचं रान मुलाने बघितलं, आईने साडी गुडघ्यापर्यंत धरून लाटा अंगावर घेतल्या. हॅवलॉकला कार्ड आणि मोबाईलवरचे पैसे दोन्ही अडत होते. मिस्टरांनी जवळ 30 हजार रोख ठेवले होते म्हणून निभावलं. वरून 61 हजार खर्च झाले ते वेगळेच.

तक्रारीचं सांगते, कारण त्यात मी उशीर केला. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा नंबर आहे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. कुठूनही करता येते, गावी परतायची वाट बघायची गरज नाही. मी धक्क्यावरून लगेच करायला हवी होती, केली रात्री. त्यांना व्यवहाराचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि ज्या खात्यावर पैसे गेले ते लागतं. पैसे जाऊन काही तासच झाले असतील तर ते वाटेत अडवता येतात. आमचे शेवटचे जाऊन दहा दिवसांवर झाले होते, खात्यात 6,300 रुपये सापडले, ते गोठवले, बाकी पुढे वळते झाले होते. ते 6,300 ही अजून हातात आलेले नाहीत. सांगलीत पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ऐकवलं गेलं, "गाडी मिळाली, हॉटेल मिळालं, मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." तेव्हा अण्णांनी शर्टाच्या खिशातून ती बोटीची प्रिंट काढून टेबलावर ठेवली आणि घसरलेली तारीख बोटाने दाखवली. बनावट कागद समोर आल्यावर तक्रार लिहून घेतली गेली.

जीएसटी नंबर घरी आल्यावर तपासला. सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता कुणालाही तपासता येतो, दोन मिनिटांचं काम. तो नंबर परराज्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. बोटीचं तिकीट आलं की बोट कंपनीला फोन करून तिकिटाचा नंबर सांगा आणि पहिल्या प्रवाशाचं नाव जुळतं का ते विचारा, ते सांगतात. पैसे व्यक्तीच्या नावावर मागितले तर कारण कितीही गोड असू द्या, देऊ नका. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशांवर बँकेकडे हरकत तरी घेता येते, स्वतःच्या हाताने यूपीआयने पाठवलेल्या पैशांवर तसं काही होत नाही.

गेल्या महिन्यात मिरजेच्या माझ्या मावसबहिणीने फोनवर सांगितलं, उन्हाळ्यात अंदमानला जातोय, एक फार चांगला मराठी माणूस मिळालाय, कार्यक्रम पाठवते बघ. फर्मचं नाव वेगळं, नंबर वेगळा. मी कागद उघडला. चौथा दिवस नील आयलंड, पाचवा दिवस शहीद द्वीप, राधानगरचा सूर्यास्त साडेसहाला. हात थरथरत होते. फोन लावला आणि आधी एवढंच विचारलं, "पैसे पाठवलेस?"

"नाही गं," ती म्हणाली, "उद्या सकाळी पाठवणार होते."