‘बिटलॉकर तोडून देतो, आधी तपासणी फी पाठवा’

एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली, बिटलॉकरने (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीने) पासवर्ड मागितला आणि तो काही केल्या आठवेना, की लोक इंटरनेटवर सापडलेला पहिला ‘हेल्पलाइन’ नंबर फिरवतात. पुढचं ठरलेलं असतं. आधी तपासणी फी यूपीआयने. मग ‘स्कॅन पूर्ण, शेकडो फोटो सापडले’ असा स्क्रीनशॉट आणि उरलेल्या रकमेची मागणी.

तो स्क्रीनशॉट नीट बघा. फाइलींना तुमची नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. बिटलॉकरमध्ये फाइलींची नावंसुद्धा एनक्रिप्टेड (सांकेतिक रूपात बदललेली) असतात, त्यामुळे कुलूप न उघडता ती कुणालाच दिसणार नाहीत. एनक्रिप्टेड डेटावर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं की योगायोगाने काही बाइट जुळतात आणि ‘फाइल सापडली’ असं दिसतं. यातली एकही उघडत नाही. पैसे भरल्यावर उत्तर ठरलेलं: डिस्कच खराब होती.

दुसरा प्रकार जास्त लबाडीचा. एनीडेस्क (तुमचा संगणक लांबून चालवू देणारं ॲप) घ्यायला लावतात, ‘सर्व्हरवर शोधतो’ म्हणत तुमच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरतात, ओटीपी तुमच्याकडूनच घेतात. तिथे जतन असलेली रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यावर डिस्क उघडणारा राखीव क्रमांक) उचलतात, पानावरून पुसतात आणि तुम्हालाच विकतात.

कारण ही रिकव्हरी की बहुतेकदा तुमच्याकडेच असते. विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने बिटलॉकर लावताना ही की खात्यात, फाइलमध्ये किंवा कागदावर जतन केल्याशिवाय ‘नेक्स्ट’ दाबताच येत नाही. पासवर्डच्या खिडकीत ‘मोअर ऑप्शन्स’मधून ‘एंटर रिकव्हरी की’ निवडा; तिथे ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरं दिसतील. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या रिकव्हरी कीच्या पानावर जुळवा. जुने लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि ईमेलमध्ये ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ नावाची टेक्स्ट फाइल शोधा. डिस्क ऑफिसची असेल तर आयटी विभागाला विचारा. की ४८ अंकी असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. कुणी की विकत असेल तर कॅल्क्युलेटरवर आधी एवढं करा. एका गटात जरी बाकी उरली तरी की खोटी. (भाग गेला म्हणून ती तुमच्याच डिस्कची ठरत नाही, हेही खरं.)

‘फॉरमॅट करून मग डेटा काढतो’ म्हणणाऱ्या दुकानातून डिस्क उचलून घरी या. फॉरमॅटमध्ये बिटलॉकरचा मेटाडेटा (कुलूप उघडायला लागणारी नोंद) पुसला गेला, तर खरी की असूनही काम अडतं. डिस्कच बिघडली असेल तर विंडोजचं रिपेअर-बीडीई हे साधन आहे, पण त्यालाही की किंवा पासवर्ड लागतो, शिवाय तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेची दुसरी रिकामी डिस्क. प्रामाणिक लॅबचा पहिला प्रश्न ‘की आहे का?’ हाच असतो.

उलट, ‘ॲक्सेस इज डिनाइड’ एवढंच येत असेल तर ते बहुधा कुलूप नव्हेच. फोल्डरचा मालक म्हणून जुन्या संगणकाचं खातं नोंदलेलं असतं. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन ‘ओनर’ बदला, मग स्वतःला परवानगी द्या. याचेही हजारो रुपये घेतले जातात.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा; उशीर होईल तशी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. एनीडेस्क काढा, मायक्रोसॉफ्ट आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. डिस्क उघडली तर आधी डेटाची प्रत काढा, मग बिटलॉकर बंद करून नव्याने लावा. नवी की तयार होते आणि त्या माणसाकडे गेलेली जुनी निकामी ठरते.