पाहुण्यांसाठी हलाल मटण: कोल्हापुरातल्या एका जुन्या दुकानाविषयी

मुसलमान स्नेह्यांना घरी जेवायला बोलवायचे आहे, मटण कुठून आणावे, असे मला कोणी विचारले तर मी याच दुकानाकडे बोट दाखवते. दसरा चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेले हे दुकान दिसायला अगदी साधे आहे. दर्शनी भागात दराचा फलक, आत दोन ओंडके आणि मागे धुण्याची मोरी, एवढाच त्याचा पसारा. मटण चांगले आहेच, पण कोल्हापुरात चांगले मटण देणारी दुकाने कमी नाहीत. माझ्या दृष्टीने या दुकानाचे मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. ते असे की गिऱ्हाइकाने हलालविषयी काहीही विचारले, तरी येथे न चिडता, न टाळता, सरळ उत्तर मिळते. यजमानाला नेमकी त्याचीच गरज असते, कारण ताटात वाढलेला घास हलाल आहे की नाही हे पाहुण्याला डोळ्यांनी दिसत नाही. तो यजमानाच्या शब्दावर विश्वास ठेवून जेवतो, आणि यजमानाचा शब्द शेवटी मटणवाल्याच्या शब्दावर उभा असतो.

आमच्याकडे जेवायला यायचे होते ते दोन कुटुंबे मिळून दहा जण. त्यांतले एक कुटुंब माझ्या पतीच्या मिरजेच्या मित्राचे आणि दुसरे माझ्या शाळेतल्या, मूळच्या रत्नागिरीच्या सहकारी बाईंचे. बेत तांबडा-पांढरा रस्सा, सुके मटण आणि खिमा असा अस्सल कोल्हापुरी ठरला होता. पाहुण्यांसाठी बिर्याणीच करायला हवी, असे मला मुळीच वाटत नाही. ती त्यांच्या घरी आपल्यापेक्षा चांगली होते. त्यांना आपल्या घरचे, आपल्या हातचे खाऊ घालण्यात खरा आनंद आहे, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात हलालच्या आड येणारे काहीही नाही. अट असते ती फक्त मटणाची.

खरेदीच्या दोन दिवस आधी मी दुकानात गेले आणि दुकान चालवणाऱ्या चाचांना स्पष्टच सांगितले की पाहुणे मुसलमान आहेत, मला सगळे नीट समजून घ्यायचे आहे. चाचांनी हातातला सत्तूर बाजूला ठेवला, हात धुतले आणि मग बोलायला सुरुवात केली. जनावर जिवंत आणि निरोगी असले पाहिजे. कापणारा मुसलमान आणि शहाणासुरता असावा. सुरी धारदार हवी आणि ती जनावराला दाखवत बसू नये. कापताना ‘बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर’ म्हटले पाहिजे. श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या रक्तवाहिन्या कापल्या जाव्यात, पण मान एका घावात धडावेगळी करू नये. रक्त पूर्ण वाहून जाऊ द्यावे आणि जनावर शांत होईपर्यंत सोलायला हात लावू नये. हे सगळे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितले की ते रोज करणाऱ्या माणसाचे बोलणे आहे, हे ऐकताच कळत होते. दुकानात झटक्याचे, म्हणजे एका घावात मान उडवलेल्या जनावराचे, मटण येत नाही, बाहेरून कापून आणलेला माल ठेवला जात नाही आणि रात्रीचे उरलेले मटण सकाळच्या मटणात मिसळले जात नाही, या तीन गोष्टी त्यांनी मी न विचारताच सांगितल्या.

यातली पहिली गोष्ट यजमानाने आवर्जून विचारावी अशी आहे. काही दुकानांत दोन्ही प्रकारचे मटण मिळते आणि एकाच ओंडक्यावर, एकाच सत्तुराने तोडले जाते. अशा ठिकाणाहून घेतलेल्या मटणाविषयी पाहुण्याला छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

आपल्याकडे जुन्या मंडळींचा एक समज असतो की गावात बकरे मुसलमान मुलाणीच कापतो, तेव्हा आपले मटण हलालच असते. त्याला आधार नाही असे नाही. गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदारांपैकी एक होता आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत मराठा घरांतले बकरेही आजतागायत त्याच्याच हातून कापले जाते. मात्र जत्रेचे मटण ही वेगळी बाब आहे. देवाला सोडलेले बकरे किंवा नैवेद्य दाखवलेले मटण मुसलमान पाहुण्याला वाढू नये, मग ते मुलाणीने कापलेले का असेना. अल्लाहशिवाय दुसऱ्या कोणाच्या नावाने दिलेला बळी कुराणाने निषिद्ध ठरवला आहे. घरात जत्रा असेल तेव्हा त्यातलेच मटण पाहुण्यांना खाऊ घालण्याचा मोह आपल्या अगत्यापोटी होतो, पण अशा वेळी पाहुण्यासाठी वेगळे मटण आणावे, नाहीतर दुसरा दिवस ठरवावा. मी हा प्रश्न चाचांना विचारला तेव्हा त्यांनी अतिशय सौम्य शब्दांत हेच सांगितले आणि वर म्हणाले, “ताई, पाहुणा तुमच्या तोंडावर नाही म्हणणार नाही, तो नुसती भाजी-भाकरी खाऊन उठेल.” हे वाक्य प्रत्येक यजमानाने लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

खरेदीच्या दिवशी सकाळी सातला दुकानात पोहोचले. अडीच किलो मटण आणि एक किलो खिमा असा हिशोब चाचांनीच करून दिला होता, आणि दहा पाहुणे व घरची चार माणसे यांना तो बरोबर पुरला. रश्श्यासाठी त्यांनी सीना आणि नळ्या काढल्या, सुक्यासाठी मांडी आणि चाप दिले, आणि खिम्यासाठी फऱ्याचे मटण घेऊन त्यातली चरबी व पडदे माझ्यासमोर सुरीने सोडवले. या वेळी एक गोष्ट मी पहिल्यांदाच बारकाईने पाहिली. मांडीच्या मटणात चरबीच्या मधोमध वाटाण्याएवढी करडी गाठ असते. चाचांनी बोटाने चाचपून ती शोधली आणि सुरीच्या टोकाने अलगद काढून बाजूच्या डब्यात टाकली. फऱ्यातही तसेच केले. हनफी या सुन्नी मुसलमानांच्या एका मतपरंपरेत वाहते रक्त, पित्ताशय, मूत्राशय, जननेंद्रिये आणि या गाठी खात नाहीत, म्हणून त्या काढायच्या असतात. आपण घरी मटण धुताना त्याकडे लक्षही देत नाही. गिऱ्हाईक हिंदू असो वा मुसलमान, येथे प्रत्येकाच्या मटणातून त्या काढल्या जातात, हे शेजारच्या गिऱ्हाइकाचे मटण तोडले जात असतानाही दिसले.

कोल्हापुरात राहणाऱ्याने आणखी एका पदार्थाबाबत सावध असले पाहिजे, तो म्हणजे रक्ती, अर्थात बकऱ्याचे शिजवलेले रक्त. मटणाच्या जेवणात रक्ती-मुंडी असली की आपल्याकडे पंगत खूश होते, पण रक्त इस्लाममध्ये हराम आहे, त्यामुळे पाहुण्यांच्या बेतात रक्ती असता कामा नये आणि घरच्यांसाठी ती वेगळी करून त्याच पळीने ढवळणेही बरे नाही. या दुकानात रक्ती मिळतच नाही, त्यामुळे तिचा अंश भांड्यात किंवा पिशवीत जाण्याची शक्यता नाही. खानावळीतून तयार रस्सा मागवायचा विचार असेल, तर हा धोका ध्यानात घ्यावा. खानावळीचा मालक मटण हलाल आहे असे सांगेल आणि ते खरेही असेल, पण शेजारच्या पातेल्यात रक्ती शिजत असेल तर त्याविषयी तो आपणहून बोलणार नाही.

कोंबडीविषयीही थोडे सांगायला हवे, कारण मुलांसाठी मी दोन कोंबड्या घेतल्या. येथे कोंबडी गिऱ्हाइकासमोर कापतात. चाचांचा मुलगा प्रत्येक कोंबडी हातात घेतल्यावर स्वतंत्रपणे ‘बिस्मिल्लाह’ म्हणत होता. गर्दी वाढली तरी त्याने दहा कोंबड्यांसाठी एकदाच म्हणून काम उरकले नाही. कापल्यावर ती पूर्ण निपचित होईपर्यंत तो थांबत होता आणि मगच पुढची सफाई करत होता. घाईच्या दुकानांत धडपडणारी कोंबडीच गरम पाण्यात टाकलेली मी पाहिली आहे. धार्मिक दृष्टीने ते चालत नाही, आणि माणुसकीच्या दृष्टीनेही ते पाहवत नाही. येथे लागणारा वेळ म्हणूनच मला खटकला नाही. वेष्टनातली गोठवलेली कोंबडी घेणार असाल तर त्यावर हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा शिक्का पाहून घ्यावा. तरीही काही कुटुंबे यंत्रावरची कत्तल मान्य करत नाहीत, तेव्हा विचारून घेणे केव्हाही चांगले.

माशांच्या बाबतीत मात्र पाहुणे एका धर्माचे असले तरी एका मताचे नसतात. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे आहेत आणि त्या मताने समुद्रातले जवळपास सगळेच खाता येते, त्यामुळे रत्नागिरीच्या बाईंच्या घरी चिंबोऱ्या, तिसऱ्या, माकूल आवडीने होतात. मिरजेचे कुटुंब हनफी असल्यामुळे त्यांच्याकडे खेकडा आणि शिंपल्या खात नाहीत, आणि कोळंबीबाबतही त्यांच्या विद्वानांत मतभेद आहेत. दोघांना एकाच पंगतीला बसवायचे असेल तर सुरमई किंवा पापलेटावर कोणाचीच हरकत नसते. आम्ही मासळीच्या वाटेला गेलोच नाही.

मटण घरी आल्यावरचे काम सोपे होते. आमच्या स्वयंपाकघरात डुकराचे मांस कधी शिजलेले नाही आणि घरात दारू येत नाही, त्यामुळे भांड्यांचा प्रश्न आला नाही. ज्यांच्याकडे तो येत असेल त्यांनी भांडी स्वच्छ घासून धुवावीत, आणि त्या दिवशी टेबलावर दारूची बाटली किंवा पेला असू नये, कारण जेथे दारू चालते त्या पंगतीला बसणेच अनेकांना वर्ज्य असते. आले, लसूण, हळद आणि मीठ लावून मटण शिजवले. त्याचे पाणी, म्हणजे आळणी, इतके स्वच्छ उतरले की फेस काढायला फारसा उरलाच नाही.  त्यातच नारळाचे दूध, काजू, खसखस आणि तीळ घालून पांढरा रस्सा केला, तर तांबड्याला घरचा कांदा-लसूण मसाला आणि भाजलेले खोबरे वापरले. सीन्याच्या मटणाने रश्श्याला जी गोडी आणली, तिचे श्रेय मी निःसंकोचपणे दुकानाला देते. खिमा हाताने कापलेला असल्यामुळे त्याचा लगदा झाला नाही.

गोडाला बाहेरचे काही आणले नाही, शेवयांची खीर केली. बेकरीचा केक किंवा जेली आणायची असेल तर वेष्टनावरची हिरवी खूण उपयोगी पडते, कारण प्राण्यांपासून केलेले जिलेटिन असलेल्या पदार्थावर ती लावता येत नाही. पण रम घातलेल्या केकवरही हिरवी खूण असू शकते, तेव्हा तेवढ्यावर न विसंबता घटकांची यादी वाचावी.

जेवायला बसताना मिरजेच्या भाभींनी हळूच विचारले, मटण कोणाकडून आणले. मी दुकान सांगितले. “अच्छा, चाचांकडचं!” एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी मुलांच्या वाट्यांत स्वतःच रस्सा वाढायला घेतला. या दुकानाविषयी मला हवा असलेला दाखला त्यातच मिळाला. रत्नागिरीच्या बाईंना तांबडा रस्सा तिखट लागला, पण पांढरा त्यांनी पुन्हा पुन्हा मागून घेतला.

आता उणिवा. रविवारी आणि बुधवारी सकाळी आठनंतर येथे उभे राहायला जागा नसते, आणि रांग अशी नसल्यामुळे हळू बोलणारे गिऱ्हाईक मागे पडते. बायकांना आणि म्हाताऱ्यांना याचा त्रास होतो. चाचांच्या लक्षात आले तर ते स्वतः पुढे बोलावतात, पण मुले काउंटरवर असतील तर तेवढे लक्ष राहत नाही. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. मटण पातळ पिशवीत देतात आणि ती गळते, म्हणून घरून झाकणाचा डबा न्यावा. घरपोच सेवा नाही, आणि दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही. दर शहरातल्या इतर चांगल्या दुकानांइतकाच आहे. २०१९च्या अखेरीस मटणाच्या दरावरून कोल्हापुरात जे आंदोलन झाले, त्यानंतर दरफलकाकडे पाहण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच लागली आहे. येथे फलकावरचा दर आणि घेतलेले पैसे यांत मला कधी फरक आढळला नाही. वजन काट्यावर आपल्याकडे तोंड करून दाखवतात, आणि काढलेल्या गाठी व पडद्यांचे वजन धरत नाहीत.

जाण्यापूर्वी वेळा लक्षात घ्याव्यात. शुक्रवारी जुम्याच्या नमाजासाठी दुकान साडेबारा ते अडीच बंद असते, म्हणून शुक्रवारच्या रात्रीचा बेत असेल तर मटण सकाळीच आणावे. रमजानमध्ये संध्याकाळी इफ्तारच्या आधी प्रचंड गर्दी होते. पाच किलोंपेक्षा जास्त मटण हवे असेल तर दोन दिवस आधी सांगावे लागते आणि थोडी आगाऊ रक्कम द्यावी लागते. बकरी ईदचे तीन दिवस चाचा आणि त्यांची मुले कुर्बानीच्या कामात असतात, त्या दिवसांत दुकान उघडत नाही.