‘संस्कार’ की ‘वंशवृक्ष’: आधी कोणती वाचावी?

धर्म आणि नीती यांचा झगडा कादंबरीतून वाचायचा असेल, तर कन्नडमधली ही दोन नावं हमखास सुचवली जातात. यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’ आणि एस. एल. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’, दोन्ही १९६५च्या. दोन्हींत केंद्रस्थानी एक विद्वान, आचारनिष्ठ ब्राह्मण आहे.

‘संस्कार’ छोटी आहे, पण पहिल्या पानापासून पकडते. दुर्वासपूरच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, नारणप्पा मरतो. दारू-मांस खाणारा, चंद्रीला घरात ठेवणारा हा माध्व ब्राह्मण. तरी त्याला कोणी जातीबाहेर टाकलेलं नाही. मग अग्नी द्यायचा कोणी? प्रेत पडून असेपर्यंत कुणाला जेवताही येत नाही. खर्चासाठी चंद्री अंगावरचे दागिने काढून ठेवते, आणि आतापर्यंत अंग चोरणाऱ्यांचीच नियत फिरते. अग्रहारातले विद्वान प्राणेशाचार्य पोथ्या धुंडाळतात, मारुतीला कौल लावतात, मारुती गप्पच. शेवटी चंद्रीच एका मुसलमान माणसाच्या मदतीने रातोरात प्रेत जाळून टाकते. शास्त्र अडून बसलेलं असताना माणुसकीचं काम तिच्या हातून होतं, आणि अग्रहाराला त्याचा पत्ताही नसतो. धर्म आणि नीती यांतलं अंतर इतक्या थेट दाखवणारा प्रसंग मी दुसरीकडे वाचलेला नाही.

‘वंशवृक्ष’ मोठी, संथ, अनेक पात्रांची. नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री धर्म खरोखर जगतात, म्हणून त्यांचा राग करता येत नाही. मुलगा कपिला नदीत बुडून जातो. विधवा सून कात्यायनी म्हैसूरला शिकते, पुन्हा लग्न करते आणि तिचा मुलगा मात्र आजोबांकडेच राहतो. नव्या संसारात तिचा गर्भ टिकत नाही, अपराधभाव तिला पोखरत जातो. इथे माझा आक्षेप आहे: लेखकाने तिला शिक्षाच केली आहे, असं वाटतं. पण श्रोत्रींच्या स्वतःच्या वंशाबद्दल पुढे जे कळतं, त्याने त्यांच्याही पायाखालची जमीन सरकते. ते इथे फोडत नाही.

कर्तव्य आणि कुटुंब यांची ओढाताण जवळची वाटत असेल, तर ‘वंशवृक्ष’ घ्या. उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद आहे, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. वाचनगटात एकच घ्यायची असेल तर मात्र ‘संस्कार’. तिचा शेवट लेखकाने मोकळा सोडला आहे. प्राणेशाचार्यांनी अग्रहारात परतून चंद्रीशी घडलेला संग कबूल करावा का, यावर गटाची एक अख्खी बैठक सहज रंगेल.